हाकेत न बसणारं नाव

बस गं, हा कागद घेऊन निवांत बस. आणि तो मोबाईल आधी पालथा ठेव. बाळ तीन आठवड्यांचं झालं आणि मावशीची आठवण तुला आत्ता झाली, तीही नाव पाहिजे म्हणून! फोनवर काही सांगायला घेतलं की तू "हं मावशी, हं मावशी" करतेस आणि तिकडे कुकरच्या शिट्ट्या मोजतेस, हे काय मला ऐकू येत नाही होय? म्हणून हे लिहून काढते आहे. कागद तरी तुला पुरा वाचावा लागेल.

तू पाच नावं पाठवलीस. सगळी आपल्या शास्त्रातली, बायबलातली, सगळी इब्री, आणि नगरला नागापूरच्या तुमच्या अख्ख्या गल्लीत कुणाचंच नसलेली. खाली विचारलंस, "मावशी, यातल्या कशाचा अर्थ चांगला?" अगं, अर्थाचं तू कुणाला विचारते आहेस? एका नावाच्या अर्थाला मी पाच वर्षं भ्यालेली बाई आहे. ते नाव तोंडाने घ्यायचं टाळलं, कागदावर लिहायचं तर त्याहून टाळलं. आज लिहिते. शआर-याशूब. बघ, लिहिलं.

तुझ्या दादाच्या, म्हणजे माझ्या लेकाच्या, मुलाचं हे नाव. तू त्याची आत्या, पण तूसुद्धा त्याला बाबूच म्हणतेस. आम्ही सगळ्यांनीच तशी सवय लावून घेतली, आणि ती लावली मी.

नावांची मला आधी भीती नव्हती. उलट माझं वाचणं नावांवरच झालं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, मग शेळ्या. लग्नानंतर या वस्तीवर आले, तेव्हा घरात पुस्तक एकच, शास्त्र. त्यात अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला अशा याद्या आहेत ना, त्या लोक उलटून टाकतात. मी त्याच धरल्या. गोष्ट वाचायला घेतली की दोन ओळींत वाट चुकायची. यादीत वाट चुकायचं कामच नाही, प्रत्येक शब्द म्हणजे एक माणूस. चुलीपाशी बसायचं, बोट ठेवायचं आणि एकेकाला हाक मारायची. शेकडो नावं मला तोंडपाठ झाली आणि एकाचाही अर्थ ठाऊक नव्हता. तेव्हा मी फार सुखात होते.

तुझ्या वहिनीची आधीची दोन पोटात असतानाच गेली, हे तुला माहीत आहे. तिसरा हा. सातव्या महिन्यातच आला, मुठीएवढा. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवला होता बरेच दिवस. बाप्तिस्म्याला नेला तेव्हासुद्धा टॉवेलात बाळ आहे की नुसता टॉवेल, असं वाटावं. पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी घातलं, नाव घेतलं. मी दुसऱ्या रांगेत. मला वाटलं, हे नाव आपल्या यादीतलं नाही, नवीनच दिसतं, छान आहे. मग ते मंडळीला समजावून सांगायला लागले. एका संदेष्ट्याने आपल्या मुलाचं हे नाव ठेवलं होतं, म्हणाले. त्याचा अर्थ, उरलेले परत येतील.

सगळे आमेन म्हणाले. माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं.

तुला वाटेल, मावशी वेडी आहे, परत येतील म्हणजे चांगलंच की. पण तुझ्या आईने तुला एक गोष्ट कधी सांगितली नसेल. ती हसून वेळ मारून न्यायची. आम्ही सात भावंडं होतो. एका तापाच्या साथीत पाच गेली, एकापाठोपाठ एक. मी आणि तुझी आई राहिलो. त्यानंतर गावातल्या बाया आम्हाला नावाने ओळखेनाशा झाल्या. पाण्याला गेलो की एकमेकींना दाखवायच्या, "ह्या बघा, उरलेल्या दोघी." वाईट मनाने नाही म्हणायच्या, कळवळून म्हणायच्या. पण तो शब्द ऐकला की मला आमच्या ओट्यावरच्या पाच रिकाम्या वाकळा दिसायच्या. आता तुझी आईही गेली. उरलेली मी एकटी. आणि ज्याला अजून नीट रडताही येत नव्हतं त्या पोराच्या कपाळावर तोच शब्द ठेवला!

घरी आल्यावर मी तुझ्या दादाला धरलं.

"अरे, उरलेले म्हंजी कोन? आन बाकीचे कुठं गेले?"

"आई, त्यात परत येतील बी हाय. तू अर्धंच का ऐकतीस?"

"मी त्याच अर्ध्यात वाढले, मला तेच ऐकू येतंय. बदल ते नाव."

"आता कसं बदलू? बाप्तिस्म्याचं पाणी पडलंय त्यावर."

तुझी वहिनी बाळाला घेऊन पलीकडे बसली होती. माझ्याकडे बघितलं तिने, बोलली नाही. मला वाटलं, तिलाही पटलेलं दिसत नाही. माझी चूक बघ, गप्प माणसाला मी आपल्या बाजूचं समजले.

त्या दिवशी जेवणाला आलेल्या बायांनी विचारलं, "काय नाव ठेवलं म्हनं?" मी म्हटलं, "हाय कायतरी शास्त्रातलं. पन हाकेत बसत न्हाई." आमच्या वस्त्यांवर नावाची खरी परीक्षा हीच. घर इकडे, विहीर तिकडे, माणूस उसाच्या पलीकडे. बांधावर उभं राहून मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचली तर ते नाव, नाही तर नुसतं कागदावर. बायांनी लगेच माना डोलावल्या. "व्हय बाई, लई लांबडं हाय." मला आयतंच कारण मिळालं. मग मी त्याला बाबू केलं. लसीच्या कार्डावर नाव सांगायची वेळ आली तेव्हा मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले. तिथली ताई विचारत होती, "काय? परत सांगा. तुटक सांगा." तुझा दादा एकेक अक्षर सांगत होता आणि मी बाहेर कानात पदर कोंबून उभी.

भीती मी कुणाला सांगितली नाही. सगळ्यांना हेच सांगितलं, हाकेत बसत नाही.

पोर वाढलं. खोकला झाला की मला वाटायचं, आता. ताप आला की, आता. तो उंबऱ्यावरून पडला तरी, आता. पाच वर्षं गेली अशी.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे दोन भीती एकदम आल्या. एक खरी आणि एक खोटी. खोटी मोबाईलवरून आली, की पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, गाडीत घालून नेतात. पुढे कळलं की तसं काही नव्हतंच. पण तेव्हा बाया पोरांना परसाकडेलाही एकटं सोडत नव्हत्या. खरी भीती बिबट्याची. ती तुम्हा नगरच्या लोकांना पेपरात दिसते, आम्हाला मोरीच्या खिडकीतून दिसते. ऊस डोक्याच्या वर गेला की आत काय आहे ते देवालाच ठाऊक. शेजारच्या तात्यांची शेळी गोठ्यातून नेली, दाव्यासकट. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावला, आत कोंबडी ठेवली. तीन दिवसांनी कोंबडी तशीच, वर अंडं घालून बसलेली.

तेव्हा तुझ्या दादाने एक नवीन काढलं. दुधाचा टेम्पो घेऊन जायच्या आधी तो रोज पोराला समोर उभा करायचा.

"बिबट्या आला आसं कुनी वरडलं तर?"

"घराकडं पळायचं. घर लांब आसंल तर पळायचं न्हाई. कुठं तरी आत शिरून गप बसायचं."

"आन कुनी बाबू म्हनून हाक मारली तर?"

"जायचं न्हाई. बाबू लई जन हायेत."

"खाऊ दिला तर?"

पोर विचारात पडायचं. "कसला खाऊ?"

"कसलाबी!"

"मग... न्हाई जायचं."

"मग जायचं कुनाकडं?"

"माझं पुरं नाव घेईल त्याच्याकडं."

"सांग पुरं नाव."

आणि तो छाती फुगवून नाव सांगायचा. मी तेवढ्यात भरलेली घागर पुन्हा भरायला हौदाकडे निघायचे. एकदा वहिनी म्हणाली, "आई, तुमी बी एकदा म्हना की त्याच्यासंगं. त्याला सवय व्हईल." मी म्हटलं, "माझा आवाज त्याला कळत न्हाई व्हय? मी काय पळवून नेनार हाय त्याला?"

आता त्या दिवसाचं सांगते. थंडीचे दिवस, पाच वाजले असतील, ऊन उतरायला लागलेलं. तुझी वहिनी श्रीरामपूरला दवाखान्यात ड्युटीवर, दादा टेम्पोवर. मी अंगणात मेथी निवडत बसले होते. पोरं चारीच्या कडेला खेळत होती, घरापासून दोनशे पावलांवर. ती चारी पाटाच्या पाण्याची, तिच्या पलीकडे तात्यांचा ऊस. मला ती दिसत नव्हती, पण त्यांचा गलका ऐकू येत होता, आणि गलका असला की मी निवांत असते.

तात्यांच्या बाजूने ओरडा आला, "बिबट्या! पोरांनो, घरी पळा! उसात शिरला!"

गलका थांबला. मग पायांचे आवाज. तीन पोरं धावत आली, आपापल्या दारात घुसली. चौथं आलं नाही. मी मेथीची पाटी टाकून उठले.

"आरं, बाबू कुठं हाय?"

दारातून एका पोराने सांगितलं, "आजी, तो आमच्या मागं हुता. मंग न्हवता."

अगं, तुला सांगते, मी चारीपर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. चारीच्या काठावर त्याची एक चप्पल पडली होती. उजव्या पायाची. पट्ट्याची, निळी. मी ती उचलली आणि ओरडायला लागले, "बाबू! आरं बाबू!"

माणसं जमली. कुणी पत्र्याचा डबा बडवतो आहे, कुणी काठी घेतली, कुणी फटाके शोधतो आहे. सगळे एकच हाक मारत होते, "बाबू, ए बाबू!" उसाकडे तोंड करून हाका मारत होते, उसात कुणी शिरत नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. तो ऊस बाहेरून भिंतीसारखा दिसत होता, आणि मधूनच आत पाल्याचं वाळलं पाचट वाजायचं. वाऱ्याने वाजलं की कशाने, कसं सांगणार?

तात्या म्हणाले, "काकू, तुमी घरात जा. आमी बघतो."

"काय बघता? पोरगं गेलं माझं!"

"आसं बोलू नका. गप ऱ्हावा जरा."

उजेड चालला होता. सगळ्या रानावर तो राखेसारखा रंग आला होता, ज्यात माणूस आणि झुडूप सारखंच दिसतं. हाका मारून माझा घसा बसला. आणि मग मला आठवलं. बाबू लई जन हायेत. माझं पुरं नाव घेईल त्याच्याकडं.

आठवलं, म्हणून लगेच हाक मारली असं नाही गं. खरं तेच लिहिते. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं, पाच वर्षं जो शब्द मी त्याच्यापासून लांब ठेवला, तो आत्ता, या घटकेला, बिबट्याच्या दारात उभं राहून मीच उच्चारायचा? उरलेले परत येतील. तीन पोरं परत आली, ती उरली. देवाने वर ऐकलं आणि म्हणाला, झालं की मग, उरलेले आले की परत, तर? हातात त्याची चप्पल आणि मी हा हिशेब करते आहे! पण भीती माणसाला असंच करते. पुढे पाऊल टाकू देत नाही आणि मागेही फिरू देत नाही.

मग उसात पुन्हा पाचट वाजलं, या वेळी जवळ. मी डोळे मिटले आणि ओरडले. पहिल्यांदा नुसतं "शा..." एवढंच निघालं. दुसऱ्यांदा पुरं निघालं.

"शआऽऽर-याशूऽऽब!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारी भ्रमिष्ट झाली असं वाटलं असणार त्यांना. डबा बडवणाऱ्याचा हात थांबला. हाका थांबल्या. आणि तेवढ्या शांततेत मी तिसऱ्यांदा ओरडले. अगं, ते नाव काय लांब जातं! ते "शूऽऽब" चारीवरून, उसावरून घरंगळत पार पाटापर्यंत गेलं. आणि मी पाच वर्षं सांगत होते, हाकेत बसत नाही.

"ओ!"

एवढंच आलं. बारीक, जमिनीतून आल्यासारखं. तात्या धावले. चारीवर लहान पूल बांधायला आणलेल्या सिमेंटच्या नळ्या पडल्या होत्या, त्यातल्या एकीत शेवटाला अंग मुडपून बसला होता. बापाने शिकवल्याप्रमाणे आत शिरून गप्प. आम्ही त्याच्यापासून तीस पावलांवर उभे राहून बोंबलत होतो. नळीत सगळे आवाज घुमून सारखेच ऐकू येत होते म्हणे, त्यात त्याला माझाही कळला नाही. कुणी कुणी बाबूला हाका मारत होतं, एवढंच त्याला कळलं. आणि बाबू लई जन असतात.

तात्यांनी त्याला बाहेर ओढला. गुडघे सोललेले, एका पायात चप्पल. मी त्याला पोटाशी धरला, तर हा मला ढकलतो आहे. रागावलेला!

"आजी, किती उशीर! तुला येत न्हाई व्हय माझं नाव?"

"येतंय रे."

"मंग?"

मंग काय सांगू त्याला? मी त्याला चप्पल घातली.

सकाळी वनखात्याचा माणूस आला. नळीच्या या बाजूच्या ओल्या मातीत ठसे होते. तो वाकून बघत राहिला, मग म्हणाला, कुत्र्याचे असतील, तरसाचे असतील, पक्कं सांगता येत नाही. नळीचं ते तोंड आणि ठसे यांत किती अंतर होतं, ते मी पावलांनी मोजायला गेले होते, पण तात्यांनी हात धरून मला परत आणलं. बरं केलं. तो आकडा मला नको आहे.

त्याच दिवशी मी तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. उरलेल्या दोघींचंही सांगितलं, पाच वाकळांचंही. म्हटलं, "माझ्या लेकानं ठेवलं म्हनून मी त्याच्यावर चिडून हुते." ती भाकरी थापत होती. हात थांबवला नाही.

"त्यांनी न्हाई, आई. नाव मी सुचवलं."

"तू?"

"पैल्या दोघांना नावच न्हाई मिळालं. कुठं लिहिलंच न्हाई कुनी त्यांना. ह्याला उरलेला म्हनलं की त्यात ते दोघं हायेत, आसं मला वाटतंय. दुसऱ्या कुठल्या नावात त्यांना जागा न्हवती."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. करपली. ती म्हणाली, "राहू द्या, ती मी खाते."

पाच वर्षं एका घरात एकाच शब्दाला मी भ्याले आणि तिने तो उराशी धरला, आणि आम्ही दोघी रोज एकाच परातीत पीठ मळत होतो. माझ्या आईने जर आम्हा दोघींना कधी असं सांगितलं असतं, की उरलेल्या म्हणजे त्या पाचांची जागा राखणाऱ्या, तर तुझी आई कदाचित हसून वेळ मारून नेत राहिली नसती. पण तिलाही कुणी सांगितलं नसेल.

भीती गेली का म्हणशील, तर नाही. खोटं कशाला लिहू? बिबट्या अजून सापडलेला नाही. पिंजरा आता पलीकडच्या वस्तीवर नेला आहे. दिवेलागणीला मी दारात उभी राहते आणि बाबूला एकदा पुरी हाक मारते, तो समोर ओट्यावर बसलेला असला तरी. "शआर" म्हणजे उरलेले, ते अजून घाईने उरकते. मग मी "याशूब" म्हणजे परत येतील, ते लांबवते, आणि तो "ओ" म्हणेपर्यंत श्वास सोडत नाही. त्याला तो खेळ वाटतो. कधी मुद्दाम उशिरा ओ देतो. त्या वेळी त्याच्या पाठीत धपाटा घालते.

तेव्हा तुझ्या पाच नावांतलं कुठलं चांगलं, हे मी घरात बसून सांगणार नाही. अर्थ जरूर विचार, पाळकसाहेबांना विचार, मोबाईलला विचार. पण ज्याला जो शब्द लागलेला असतो, त्याला त्यात तेच ऐकू येतं. तुझ्या सासूबाईंनाही विचार, त्यांना कुठलं नाव नको वाटतं, आणि का. आणि त्या गप्प बसल्या तर हो समजू नकोस, नाहीही समजू नकोस, पुन्हा विचार.

आणि बाप्तिस्म्याच्या आधी बाळाला घेऊन इकडे ये. पाचही नावांच्या हाका बांधावरून एकेक करून मारून बघू, तू मारायची, मी मारायची, तुझी वहिनी मारेल. तुझा भाचा चारीच्या पलीकडे नळीपाशी उभा राहून सांगेल कुठलं पोचलं ते. तात्या काठी घेऊन त्याच्याजवळ थांबतील, काळजी करू नकोस. फक्त एक कर, सकाळच्या एसटीने निघ. चार वाजायच्या आत फाट्यावर उतर आणि तिथूनच फोन कर, एकटी चालत येऊ नकोस. आम्ही सगळे घ्यायला येतो. लवकर ये गं, ऊस तुटायच्या आत ये म्हणणार होते, पण नको, ऊस तुटला की लगेच ये. तेव्हा रान मोकळं दिसतं.